मेक्सिकोतली सरासरी

१४ जाने. २००४
मेक्सिकोचा कंटेनर गेला. पंपाच्या बॉडी, तीनशे नग. कडकपणा किमान १८० हवा. शेवटच्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या शेवटच्या ओतणीचे, पाच नग तपासले: १७४, १७६, १७५, १७५, १७४. वर्क्स मॅनेजर पाटील साहेब लॅबच्या दारात उभे. "मॅडम, पाच पॉइंटानं पंप फुटतोय व्हय? गाडी थांबलीय की." रिपोर्टवर १८० लिहिलं. सही माझी.

२७ जाने.
रामिरोचा मेल. तिकडे आमचा माल तपासून आत घेणारा इन्स्पेक्टर. तीन प्रश्न कामाचे, बाकी फुटबॉल. त्यांचा जानेवारी ते मे असा मोसम सुरू झालाय. त्याच्या गावची टीम सगळ्यात वरच्या लीगमध्ये आहे, पण तळाशी. तीन उत्तरं पाठवली. फुटबॉलबद्दल काही लिहिलं नाही.
दादाला सांगायला नको होतं. आमच्या गावात फुटबॉल पेठापेठांचा, आणि तो शिवाजी पेठेतल्या एका संघाचा गोलकीपर. आता रोज विचारतो, "काय गं, तुझ्या मेक्सिकोत पण पेठा हायत काय?"

१७ फेब्रु.
रा.ची टीम सलग दोन सामने जिंकली. तरी धोक्यात. खालच्या लीगमध्ये कोण जाणार हे तिथे एका मोसमावर ठरत नाही. तीन वर्षांचे गुण भागिले तीन वर्षांचे सामने. सर्वांत कमी सरासरीचा संघ बाहेर. दादाला पटेना. "म्हंजे आधीच्या पोरांनी घाण करायची आणि ह्यांनी भरायची? ह्येला काय अर्थ हाय?" मला नियम बरोबर वाटला.
मेलच्या शेवटी रा. लिहितो, ‘तुझा माल मी हल्ली पुन्हा तपासत नाही. तुझी सही बघतो आणि आत घेतो.’
हे महिनाभर आधी कळलं असतं तर

९ मार्च
कंटेनर पोहोचला. ‘या वेळी एकदा तपासून घे’, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. साहेबांना विचारलं. "कशाला नको ते उकरून काढताय?" नाही लिहिलं. त्याऐवजी पहिल्यांदाच विचारलं, शनिवारच्या सामन्यात काय झालं? लगेच लांबलचक उत्तर. पेनल्टी, पंच, त्याच्या सासऱ्याने फेकलेली टोपी. खूश होता.

२० एप्रिल
तिकडे टेस्टिंगला आमच्या दोन बॉडी फुटल्या. न तपासता माल आत का घेतला, म्हणून रा.ला जाब विचारलाय. मेल: ‘तुमच्याकडे त्या मालातला राखून ठेवलेला नग असेल. तपासून कळव. तू कळवशील तेच मी इथे सांगेन.’ फुटबॉल नाही.

२१ एप्रिल
तपासला. १७५.
साहेब: "१८१ लिव्हा. मशिनिंग तेनी चुकवलं आसंल म्हणावं."
मी म्हटलं, या वेळी नाही.
"मग जानेवारीत कुठं गेल्ती ही अक्कल?"
१७५ पाठवलं. जानेवारीत काय आलं होतं ते पाठवलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, तेव्हा कडकपणा मोजायच्या मशीनची काही चूक झाली असेल. तसं वाटावं म्हणूनच.

४ मे
चौकशी पुरी होईपर्यंत रा.ला घरी बसवलंय. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी कळवलं. त्यांनी कामापुरतंच लिहिलंय, मी लिहीत आले तसंच.

१७ मे
मोसमाचा शेवटचा सामना झाला. मी सांगितलं नव्हतं, तरी दादा नेट कॅफेत जाऊन निकाल बघून आला. सायकल लावता लावता म्हणाला, "जिंकली की गं तुझी टीम. तरी गेली खाली." चेष्टा केली नाही. जेवताना मला म्हणाला, "त्या मानसाला चार ओळी लिही की. एवढं काय आखडायचं?" त्याला बाकीचं माहीत नाही.

१९ मे, बुध.
रा.चा मेल, घरच्या पत्त्यावरून. टीमचा उल्लेख नाही. ‘शुक्रवारी माझी चौकशी आहे. जानेवारीत मशीनने काय दाखवलं होतं?’
पाचही आकडे लिहिले. खाली गाडीचं लिहिलं, साहेबांचं लिहिलं. वाचून पाहिलं. आकडे ठेवले, खालचं सगळं खोडून ‘मला तेव्हाच माहीत होतं’ एवढंच लिहिलं.
कॅफेतून पाठवता येईल. पण कंपनीच्या पत्त्यावरून गेला तरच त्याला तो चौकशीत दाखवता येईल. इथून गेलेल्या प्रत्येक मेलची प्रत साहेबांकडे जाते.
पावणेचार. चारला ते फेरीवर येतात. मेल अजून समोरच आहे.