भोंगा बंद आहे

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहितो आहे. तू दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेली असतेस आणि माझे चार-चार शब्दांचे मेसेज गारांसारखे तुझ्या खिशात पडत राहतात, ही तक्रार पोचली. फोनवर बोलता येत नाही, मेसेज तुला सोसत नाहीत, तेव्हा घे हे पत्र.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी काल पुन्हा नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवरच्या गाठी तशाच आहेत. मे संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज ओरडण्याहून वाईट म्हणे. ऐकलं नाही तर शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतर आवाज कसा निघेल ते त्याही सांगू शकत नाहीत. मी पाटीवर लिहून विचारलं, हसलं तर चालेल का. म्हणाल्या, आवाज न करता हसा. ताई, आरशासमोर एकदा तसं हसून बघ. माणूस दरोडेखोर दिसतो.

लोकांच्या वेबसाइटी बनवण्याचं काम बोटांचं, ते चालू आहे. अडलंय ते शिकवण्याचं. वेबसाइट कशी बनवावी याचे माझे व्हिडिओ ज्या कंपनीसाठी मी करतो, तिला नवीन मालिका हवी आहे. ती वेळेत झाली तर सगळ्या शिकवणी विभागाचा प्रमुख मीच, असं ठरलं होतं. आता आवाजच नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरी वाट काढली आहे. माझ्या जुन्या धड्यांवरून ते यंत्राचा आवाज तयार करणार, हुबेहूब माझा. मी टाइप करायचं, तो बोलेल. आजारपणात आणि आजारपणानंतरही. मार्चअखेर सही हवी आहे.

काय करू? घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्या आहेत. सगळ्या वायरी सोडवून पुन्हा गुंडाळल्या, कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं, मग परत आणलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, घर बदलताय का.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो आवाजावर अवलंबून नाही असं समजतो.

तुझा,
भोंगा

१५ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझं बोलणं असं मधे न तोडता पूर्ण ऐकायची ही माझी पहिलीच वेळ. एरवी तू श्वास घेशील तेव्हाच आमची पाळी यायची. आईला जाऊन सांगितलं की डॉक्टरीणबाईंना एक हार घालून येऊ या, तर माझ्यावरच डाफरली. लेकरू मुकं झालंय आणि तुला थट्टा सुचते, म्हणे.

सहीचं म्हणशील तर करून टाक. माझ्या लिफ्टमध्ये मजल्यांची नावं सांगणारी बाई आहे ना, ती कोण, कुठली, जिवंत आहे की नाही, कोणाला ठाऊक नाही. एकदा येऊन बोलून गेली आणि आता शेकडो इमारतींत दार सांभाळते आहे. कोणाचं काही बिघडलं नाही. लोक तिला शिव्या घालतात, पण ते लिफ्ट अडकली की मलाही घालतात. तू आयुष्यभर जिथे तिथे पुढे पुढे केलंस, आता प्रमुखपद दाराशी आलंय तर उंबऱ्यावर बसून नखं खाऊ नकोस. घसा वाचेल, जागा वाचेल, आणखी काय हवं?

आईचा वाढदिवस आठवतोय ना? तिने तुझ्या फोनची आशा सोडली आहे असं ती दिवसातून तीनदा सांगते, म्हणजे सोडलेली नाही. काहीतरी कर.

हे माझ्या वाटणीचे आशीर्वाद. यांच्या वाटणीचे वेगळे मागून घे.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही अजून केलेली नाही, पण आवाज तयार झाला. कंपनीने नमुना म्हणून पाठवला आहे, वापरून बघा म्हणाले. मी पहिलं वाक्य टाइप केलं, की आज मंगळवार आहे, आणि खोलीत मी बोललो! अंगावर काटा आला आणि लगेच हावही सुटली. सबंध दुपार त्याच्याकडून काय काय वदवून घेतलं. बँकेत फोन लावला, गॅसवाल्याशी वाद घातला आणि जिंकलो. इतके दिवस कोंडलेला माणूस सुटल्यासारखा झालो होतो.

शनिवारच्या मंडळातही त्यालाच न्यावं म्हणतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी फुकट शिकवतो ते मंडळ, तुला सांगितलं होतं. शाळेच्या बसचा चालक, एक शिंपीणबाई, दोन-तीन नोकरी सुटलेले. गेले चार शनिवार मी गेलोच नाही. मुका माणूस शिकवणार काय? त्यांना वाटेल मी टाकून दिलं. खरं सांगू का, भीती उलटीच आहे. त्यांचं माझ्यावाचून नीट चाललेलं असेल तर?

आईसाठी वाढदिवसाचा निरोप त्याच आवाजात करून पाठवला आहे. खूश होईल.

कळावे, आणि उत्तर लवकर यावे. इथे जिन्यावर पोस्टमनची चाहूल घेण्यापलीकडे करमणूक नाही.

तुझा,
भोंगा (पर्यायी व्यवस्थेसह)

५ मार्च

चि. बाळास,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझा आवाज ऐकला आणि माझं निम्मं दुखणं पळालं. डॉक्टरीणबाईंनी मे म्हटलं होतं, तू मार्चातच बरा झालास. समोरच्या वहिनींना ऐकवला. त्या म्हणाल्या, किती स्पष्ट बोलतो हो तुमचा मुलगा, वर्तमानपत्र वाचल्यासारखा.

पण एकदम इतकं बोलू नये. मधे श्वास तरी घ्यायचास. एकदाही खाकरला नाहीस, म्हणजे घसा अगदी धुऊन निघाला दिसतो. तू म्हणालास, मी मजेत आहे, काळजी करू नकोस. असं तू जन्मात पहिल्यांदा म्हणालास. आजवर मी विचारलं की तू अंगावर यायचास. आजारपणाने शहाणा झालास म्हणायचं.

सकाळपासून दहा-बारा वेळा लावून ऐकला. आता तू स्वतः फोन कर. मी लावला होता, उचलला नाहीस. कामात असशील.

आवाज जपावा. आमची माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझी,
आई

९ मार्च

भोंग्या,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात.

तू आईला कळवलं नाहीस की तो आवाज यंत्राचा आहे? मी गेले तर पेढे वाटायच्या बेतात होती. मला सांगावं लागलं. आधी तिला पटेचना. तो माझा मुलगा आहे, मला त्याचा आवाज कळत नाही का, म्हणून माझ्याशीच भांडली. मग पटलं तेव्हा फोन पालथा घालून खिडकीशी जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, मग मी सकाळपासून कोणाशी बोलत होते?

कारण ती नुसती ऐकत नव्हती रे. प्रत्येक वाक्यानंतर थांबवून उत्तर देत होती. जेवलास का, गरम पाणी घेतोस का, सगळं विचारून झालं होतं तिचं.

मला माहीत आहे, तुझ्या मनात वाईट नव्हतं. तिलाही माहीत आहे. पण सध्या तुझं नाव काढलं की ती भांडी जोरात ठेवते.

सहीबद्दल माझं मत बदललेलं नाही. कामाच्या जागी यंत्र ठीक आहे. आईच्या बाबतीत नाही, एवढंच.

ताई

२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की कागद फाटतो, म्हणून दुसरंच सांगतो.

काल मंडळात गेलो. यंत्र नेलं नाही, तुझ्या पत्रानंतर हिंमत झाली नाही. नुसती पाटी घेऊन कोपऱ्यात बसलो. बसचालकाला एक पान बनवायचं आहे. बस उशिरा येणार असेल तर मुलांच्या आईबापांना ते त्यावर दिसावं, म्हणजे ते थंडीत कोपऱ्यावर उभे राहणार नाहीत. कित्येक महिने तो एकाच ठिकाणी अडतो आहे. तो विचारायला लागला की अर्ध्या वाक्यातच मी उत्तर द्यायचो, तो मान हलवायचा आणि घरी जायचा. काल उत्तर येईना. मी खडू शोधत होतो. त्यामुळे बिचाऱ्याला प्रश्न पूर्ण करावा लागला, आणि पूर्ण प्रश्न भलताच निघाला! मी आजवर ज्याचं उत्तर देत होतो ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

मी पाटीवर लिहिलं, आधी का नाही सांगितलंत. तो मोठा भिडस्त माणूस. इकडे तिकडे बघत म्हणाला, साहेब, तुम्ही थांबलात कधी? मग म्हणाला, आणि तुमच्या व्हिडिओत ते येतं ना, हे तर अगदी सोपं आहे, तिथे मी बंद करतो. दोनदा बघूनही जमत नाही आणि तुम्ही सोपं म्हणता, मग आपणच बिनडोक, असं वाटून उठतो. शिंपीणबाई म्हणाल्या, मी तर आवाजच बंद ठेवते आणि नुसता तुमचा पडदा बघते. बाकीचे हसले, म्हणजे सगळ्यांचं तेच.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. फुकट शिकवतो आणि वर हे. पाय आपटत घरी आलो आणि त्यांना खोटं पाडायला जुने धडे लावले. ताई, प्रत्येक धड्यात आहे. कुठे कुठे दोनदा. मला वाटायचं मी धीर देतोय.

आज कंपनीला लिहिलं की नव्या आवाजातून एवढं वाक्य काढून टाका. तासाभरात उत्तर आलं. ते वाक्य म्हणजे तुमची ओळख आहे, ते काढता येणार नाही; उलट यंत्र आता ते योग्य जागी आपणहून घालायला शिकलं आहे. लोकांना इतकं आवडतं की कपावर छापायचाही विचार आहे.

म्हणजे मी सही केली की मी झोपलो असेन, बाहेर गेलो असेन, मरूनही गेलो असेन, तरी कुठेतरी कोणीतरी अडून बसलेलं असणार आणि मी त्याला सांगत असणार की हे तर अगदी सोपं आहे. आणि तो विचारेल तेव्हा थांबणार नाही. तरीही ताई, प्रमुखपद हातचं जाऊ नये असंही वाटतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आठवडा राहिला आहे.

तुझा लोभ असेल तितका या पत्राच्या उत्तरात घाल.

तुझा,
भोंगा

२७ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद, मागच्या पत्राचे थकलेले धरून.

मी सही कर म्हणाले होते, आणि अजूनही अर्धं मन तेच म्हणतं. अशी जागा पुन्हा येत नाही. न घेतलीस तर वर्षभर मला पत्रांतून रडगाणं ऐकवशील हेही दिसतं आहे. पण तो बसवाला प्रश्न पूर्ण करतोय आणि तू गप्प बसला आहेस, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या घराण्यात हे कोणी पाहिलेलं नाही. मला शेवटी काय विचारतोस? तुझी सही, तुझं बोट. फक्त हुतात्म्याचा आव आणू नकोस, तो तुला शोभत नाही.

आईने तुझी तिन्ही पत्रं वाचली आहेत. उशीखाली आहेत. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

तुझी,
ताई

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली नाही, हे तुला कळलंच आहे. प्रमुख म्हणून दुसऱ्याला घेतलं, लोण्यासारख्या आवाजाचा माणूस आहे. त्याचे धडे रोज बघतो आणि चुका काढतो. सापडल्या की बरं वाटतं, मग लाज वाटते, मग पुन्हा बघतो. माझे जुने धडे कंपनीकडेच राहणार. त्यांतला मी तेच बोलत राहणार आणि त्यावर इलाज नाही. याची रुखरुख जाईल असं वाटत नाही.

मंडळात आम्ही नवे धडे करतो आहोत. बसचालक विचारतो, सगळं विचारून होईपर्यंत मी जिभेवर दात ठेवून बसतो, आणि मग पडद्यावर करून दाखवतो. बघणारे मूठभर आहेत. त्याचं बसचं पान मात्र सुरू झालं, पहिल्याच आठवड्यात बस खरोखर बंद पडली आणि सगळ्यांना घरबसल्या कळलं. तो इतका खूश होता की बस बंद पडल्याचा त्याला आनंद झालाय असं मुख्याध्यापिकेला वाटलं.

काल डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की गाठी विरल्या आहेत. रोज थोडं बोलायची मुभा आहे, सावकाश, पाणी पीत. आवाज पूर्वीचा नाही. खाली उतरलाय, आणि वाक्याच्या शेवटी फाटतो.

पहिला फोन आईला लावला. तिने उचलला. मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, मला कसं कळणार? मी म्हटलं, अगं मीच आहे, ऐक ना. ती म्हणाली, तोही असंच म्हणाला होता. आवाजही तुझा नाही हा. त्याचा तरी तुझ्यासारखा होता. तेव्हा तिने विचारलं, की जेवणानंतर गरम पाणी घेतोस का. मी म्हटलं, घेतो गं, किती वेळा विचारशील, मी काय लहान आहे का! आणि तिथेच आवाज फाटला आणि खोकला आला.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली असावी. म्हणाली, हां, आता बोल.

मग मात्र मला एक शब्द बोलू दिला नाही. मार्चपासूनचं सगळं साचलेलं होतं. माझी दिवसाची मुभा तशीच शिल्लक राहिली, आणि मी ऐकत बसलो.

तुम्हा सर्वांचा लोभ असाच असो. उत्तरादाखल फोन केलास तरी आता उचलेन.

तुझा,
भोंगा