पायाळूची उसण

मिरकरवाडा, रत्नागिरी
बुधवार, ११ जानेवारी १९८४

सौ. गुणवंतीबाई विहीणबाई यांना गोदाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. गेले आठ दिवस मी दुसऱ्या कुठल्या आकारात नाही.) तुमचा खोकला आता कसा आहे? भाट्याच्या वाऱ्याला कान बांधून बसत जा. मालनला सातवा लागला, तिचं तुम्ही सगळं प्रेमाने करता असं ऐकते आणि बरं वाटतं.

पत्राचं कारण एवढंच, की पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून येत्या सोमवारी आम्ही मालनला न्यायला येतो. माझी एकुलती एक लेक. तिला माझ्या हातचा बाळंतिणीचा मऊ भात, आटवल, भरवायचं मी लग्नापासून मनात धरून आहे. तुम्ही हौसाकडे म्हणालात म्हणे, की जी बाई स्वतः भिंत धरून उठते ती बाळंतिणीला काय न्हाऊ घालणार, बाळंतपण भाट्यालाच होऊ दे. हौसा आमची शेजारीण, कोळंबीबरोबर बातम्याही विकते, त्यामुळे मी रागावले नाही. (दोन दिवस रागावले होते.) संधिवात आहे, तो काही मी नाकारत नाही. पण तुम्हाला दाखवून द्यायचं म्हणून मी माळ्यावरचा पाळणा एकटीने खाली काढला. पाळणा आला, आणि पाठीत अशी उसण भरली की मी त्याच्यावर ओणवी झाले ती तशीच राहिले. आमचे हे अंगणात जाळं दुरुस्त करत होते. आत डोकावून म्हणाले, "अजून पोराचा पत्ता नाय, नि तू आतापास्नं झोके देतेस?"

डॉक्टरांनी संधिवातासाठी सांगितलंय की सांधे हलवत राहा, आणि उसणीसाठी सांगितलं की अजिबात हलू नका. एकाच डॉक्टरांनी, एकाच कागदावर. म्हणून मी दिवसभर पडून हाताची बोटं तेवढी हलवते. (हे पत्र म्हणजे व्यायामच समजा.) ह्यांनी वाळू तापवून शेक दिला, निगडीचा पाला उकळला आणि चुलीतली राख घरभर केली. माणूस मायेचा आहे, पण मागून आवरावं लागतं.

खरी पंचाईत पुढेच आहे. मी पायाळू, जन्मताना आधी पायच बाहेर आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस वर्षं बंदरावर कुणाच्याही पाठीत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येतो, मी तीनदा लाथ लावते आणि तो सरळ होऊन घरी जातो. बर्फाच्या लाद्या उचलणारे तर रांग लावतात. (माझे गुडघे धरल्यापासून पाय वर जात नाही, म्हणून आता लोकच पालथे पडतात.) पण पायाळूला स्वतःच्या पाठीवर लाथ मारता येत नाही, हे चाळीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं! मग खंडू खलाशी पुढे झाला, मीही पायाळू म्हणाला. लाथ दणदणीत मारली. दुसऱ्या दिवशी मी उठून उभी राहिले, चहा केला, त्यालाही दिला. तेवढ्यात त्याची आई भागूबाई आली आणि दारातूनच ओरडली, "ह्यो कसला पायाळू? डोक्यानं आला मेला, नि त्याला पण दोन दिस लावलान!" हे कानावर पडलं मात्र, उसण होती तिथे परत येऊन बसली. हौसाने आणखी एक नाव सुचवलं, पण ते मी कानाआड केलं.

तर एकंदरीत माझी प्रकृती उत्तम आहे. सोमवारी मालनची तयारी करून ठेवा. व्याहीबुवांना आमच्या ह्यांचा नमस्कार.

तुमची,
गोदा

ता. क. हौसाने सुचवलेलं नाव तुमचं. तुम्हीही पायाळू आहात, हे लग्न जमवताना कुणी बोललं नाही. सोमवारी आम्ही येण्याऐवजी तुम्हीच मालनला घेऊन या, आणि माझ्या पाठीत तीन लाथा घाला. मानाचं पातळ काढून ठेवलंय. आधी पातळ की आधी लाथ, ते तुम्ही म्हणाल तसं.

दुसरा ता. क. लग्नात तुमचे पाय धुताना मी पाटाशी बसले नाही, उभ्यानेच तांब्या ओतला आणि तुमचं नवं लुगडं भिजवलं. तेव्हापासून तुम्ही आमच्याकडे आला नाहीत. तुम्हाला वाटलं मला गर्व आहे. खाली बसले असते तर भर मांडवात मला उठता आलं नसतं, आणि हे विहिणीला सांगायची लाज वाटली. माझं चुकलं, विहीणबाई. बाळंतपणालाही इथेच राहा. न्हाऊ तुम्ही घाला, आटवल मी शिजवते. दोघींची मिळून एक धडधाकट बाई सहज होईल.

तिसरा ता. क. (कागद संपला, घडीवर लिहिते.) मालनचा निरोप आला, की डॉक्टरीणबाई म्हणतात बाळाचं डोकं अजून वरच आहे, पाय खाली. दोन महिने आहेत, वळेल, आणि सिव्हिलमध्ये नाव घातलंय, तेव्हा भिऊ नका. वळलं तर देव पावला. आणि नाहीच वळलं, तर तुमच्या-माझ्या पाठीची काळजी मिटली.