सासूबाईंचा पायगुण

७ फेब्रुवारी

नववर्षाच्या तेतचा तिसरा दिवस, आणि सासूबाई सकाळपासून चौथ्या घरी! दाऊ काका स्वतः न्यायला आले. "मिएन वहिनी, दोन कोंबड्या खुडूक झाल्यात. तुमचा हात लागल्याशिवाय एक अंडं ठेवणार नाही." सासूबाईंनी आधी नाही-नाही केलं, मग तोआनने तैवानहून पाठवलेल्या जांभळ्या चपला काढल्या. लेकाच्या चपला फक्त असल्या मानाच्या कामाला. त्या घालून निघाल्या की साठीच्या बाईची चाल चाळिशीची होते.

मी घरात. माझा पाय जड. दोनदा खरोखरच पाय भारी झाले होते, दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. तेव्हापासून अख्खी गल्ली म्हणते, लुआचा पायगुण वाईट. त्याआधी बोंग झाली, आठ वर्षांची आहे, धडधाकट आहे — ती कुणी धरतच नाही!

बोंगच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती. डुकरीण खात असते तेवढ्यात लिहीन म्हणते.

१० फेब्रुवारी

ठिपकी बसली. माझ्या आईच्या कोंबडीची नात ती. लग्नात टोपलीतून आणलेल्या कोंबडीचा वंश, आता एवढीच उरली आहे. सासूबाईंनी जुन्या स्वयंपाकघरात टोपलीत पेंढा घातला, तेरा अंडी एकेक करून ठेवली. मला दाराबाहेर उभं केलं. "तिथूनच बघ. श्वासही आत सोडू नकोस."

३ मार्चला पिल्लं निघतील.

१२ फेब्रुवारी

भुरभुर थांबत नाही. कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, तेतची पीचची फांदी कोपऱ्यात काळी पडली. दाऊ काकांच्या कोंबड्या सुस्तावल्यात म्हणे. सासूबाईंना पुन्हा बोलावणं. अंगणात पेंढ्याची चूड फिरवून वाईट सावली घालवायची असते, तीही चांगल्या पायगुणाच्या बाईनेच. तिथून परस्पर कुक आजींकडे गेल्या. घरी आल्यावर आधी आमच्या खुराड्यात डोकावल्या, सगळ्या चाळीस जणी मोजल्या, मग चहा.

१३ फेब्रुवारी

काय अवदसा आठवली मला!

सासूबाई तळ्यावर होत्या. ठिपकीला बघावंसं वाटलं. नुसतं बघायचं होतं. तिच्या पोटाखाली हात घातला — काय ऊब होती! ती ओरडलीही नाही. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिली. मागे वळले तर सासूबाई दारात.

त्यांनी चूड पेटवली आणि मी जिथंजिथं पाऊल टाकलं होतं तिथंतिथं फिरवली. धुराने ठिपकी शिंकायला लागली. मग दाराला कुलूप, किल्ली कमरेला. आता दाणापाणी दाराखालच्या फटीतून, काठीने ढकलायचं. एकवीस दिवस भरेपर्यंत कुणी आत जायचं नाही, त्यासुद्धा नाहीत.

बोंगने विचारलं, "आई, तुझ्यामागे जाळ का करतात?"

"थंडी आहे म्हणून."

"मग पुढे का नाही करत?"

१८ फेब्रुवारी

सकाळी खुराडं उघडलं तर दोघी मेलेल्या. एक जिवंत होती, तिची मान पिळल्यासारखी पाठीकडे वळलेली, चोच आभाळाकडे. पाणी पाजलं, चोचीतून सगळं बाहेर आलं. खाली हिरवी विष्ठा. दुपारपर्यंत तीही गेली.

सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

१९ फेब्रुवारी

आज सात.

२० फेब्रुवारी

कोंबडाही गेला. पहाटे आरवायला उभा राहिला, आवाज निघेना, गोल गोल फिरला आणि पडला. तळ्याकाठी खड्डा खणला, चुना टाकला. माती ओली, फावड्याला चिकटते. आमचा पिवळ्या कुत्रा खड्ड्याच्या कडेला बसून होता, त्यालाही हाकललं नाही. बदकं मात्र चौघंही मजेत पोहतायत.

थाओ वहिनी कुंपणापलीकडून म्हणाली, "आमच्याही मरतायत गं. तू काल आमच्या बाजूने गेली होतीस का?"

नव्हते गेले. मी कुठे जाते? तरी माझ्याच तोंडून "चुकलं" निघून गेलं. माझी जीभ अशी का आहे!

२१ फेब्रुवारी

जेवताना सासूबाई एकदम बोलल्या. तेतचे उरलेले बान्ह चुंग, चिकट भाताच्या वड्या, तळले होते, त्यांनी वाटी बाजूला सारली.

"माझ्या दोन नातवंडांना खाल्लंस. आता खुराडं खाल्लंस. ठिपकीची पिल्लं निघाली तर बघू. नाही निघाली तर बहिणीकडे जा, कारखान्यात काम कर. पोर इथंच राहील. तिला तुझी सावली नको."

माझी बहीण कारखान्याच्या खोल्यांत राहते, सहा बायकांत एक खोली. तिथं पोरांना घेत नाहीत. सासूबाईंना ते माहीत आहे.

बोंग जेवत होती. तिने वाटीतलं सगळं संपवलं, मग उठून परसात गेली आणि ओकली.

२२ फेब्रुवारी

तोआनचा फोन. सगळं सांगितलं. पलीकडे यंत्रांचा आवाज.

"आई म्हणते तसं कर ना थोडे दिवस. तिचं वय झालंय."

"आणि बोंग?"

"आजीजवळच तर आहे. परक्यात आहे का?"

मग म्हणाला, "तू त्या अंड्यांना हात कशाला लावलास?" तोसुद्धा! त्या तेरा अंड्यांवर माझी पोर टांगलेली आहे, आणि त्यांना मी हात लावला. हेच खरं असेल तर? माझ्या पायातच काहीतरी असेल तर? आज अंघोळ करताना तळपाय विटकरीने घासले. रक्त निघालं. मूर्ख बाई!

२४ फेब्रुवारी

आमच्या चाळिसांतल्या चार उरल्या. पशुवैद्य सोन आला. तरुण आहे, मोटरसायकल फाटकाबाहेरच लावली, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, मग आत. सासूबाई हसल्या, "डॉक्टर आमच्या चिखलाला घाबरतो!"

"आजी, ही मानमोडी. वाऱ्याबरोबर एवढी भराभर नाही येत ही. चपलांच्या तळव्याला विष्ठा लागते आणि घरोघर जाते. कुणाला खुराड्यात घेऊ नका. फाटकाशी चुना टाका, चपला बाहेर."

सासूबाईंनी माझ्या पायांकडे बोट केलं. "हिला सांगा."

तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही कुठल्या कुठल्या घरी गेलात?"

"कुठेही नाही," मी म्हटलं. "तेतपासून फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही."

त्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी तिथंच उभी राहिले. कानात घंटा वाजायला लागली.

२५ फेब्रुवारी

रात्रभर डोळा नाही. आता सकाळी, डुकरीण ओरडतेय, ओरडू दे.

दाऊ काका — बाजारातून तेतसाठी कोंबडा आणलेला, पहिल्या त्यांच्या पडल्या. बाराला सासूबाई तिथं चूड फिरवायला. त्याच दिवशी कुक आजी, त्यांच्या सतराला पडल्या. बारालाच आमचं खुराडं, आमच्या अठराला. चौदाला थाओ वहिनीकडे मुहूर्ताची अंडी ठेवायला, तिच्या वीसला. सासूबाई गेल्या ती सातही घरं तशीच. शाळामास्तर कुणाला बोलवत नाहीत, या गोष्टींना हसतात. त्यांचा कोंबडा मी लिहितेय तेवढ्यात दोनदा आरवला.

जांभळ्या चपला.

आधी हसू आलं. खरंच, तोंडावर हात धरून हसले. पायगुण! पण हे कोण ऐकणार? "मिएन आजींच्या पायाने मरतात" असं मी म्हणायचं? मी? गल्लीत मलाच चूड लावतील.

आणि दुसरंही लिहिते, इथं कोण वाचतंय. मला आनंद झाला. सात घरांच्या कोंबड्या मेल्या आणि मला आनंद झाला. मग सासूबाई अंगणात कुबड काढून उरलेल्या चौघींना भात भरवताना दिसल्या, आणि तो आनंदही टिकला नाही.

२७ फेब्रुवारी

खुराड्यात आता एकही नाही. ठिपकी कुलपाआड आहे म्हणून जिवंत आहे. माझ्यापासून वाचवायला लावलेल्या कुलपाने तिला सासूबाईंपासून वाचवलं!

दाराला कान लावला. टोपलीत हललेला पेंढा ऐकू आला.

२८ फेब्रुवारी

बोलले. सगळं बोलून बसले.

सासूबाई दाऊ काकांकडून आल्या, तिथली शेवटची कोंबडी गेली होती. चपलांना ओला चिखल. सरळ जुन्या स्वयंपाकघराकडे वळल्या, कमरेची किल्ली काढली. तीन दिवस उरले, टोपलीवर हात फिरवून येते म्हणाल्या. मी धावले. दारात आडवे हात लावून उभी राहिले.

"आई, आत नाही."

"बाजूला हो."

"चपला काढा. पाय धुवा. तरीही आत नाही."

"मला सांगतेस? मला?"

मग माझ्या तोंडाचा बांध फुटला. दाऊ काका, कुक आजी, थाओ वहिनी, तारखांसकट. "तुम्ही जिथं गेलात तिथं मेल्या! मी कुठेच गेले नाही! माझा पाय जड, म्हणून निदान तो घरात तरी राहिला!"

थाओ वहिनी कुंपणाशी उभी होती. सगळं ऐकत होती.

सासूबाईंनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या चपलांकडे बघितलं. किल्ली मातीत टाकली आणि खोलीत गेल्या.

संध्याकाळी तोआनचा फोन. कुणी कळवलं देव जाणे. "आईला असं बोललीस? पिल्लं निघोत न निघोत, चार तारखेच्या सकाळच्या बसने जा. मी तुझ्या बहिणीशी बोललोय." मी चपलांचं सांगायला लागले. त्याने फोन ठेवला.

१ मार्च

सासूबाई जेवल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. दारात वाटी ठेवते, तशीच उचलते.

२ मार्च

कुक आजींची डुकरीण विणार आहे म्हणून बोलावणं आलं. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "बरं नाही." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! कुक आजी जाताना माझ्याकडे असं बघून गेल्या, जणू मीच विष घातलंय.

बोंगचे तीन फ्रॉक, वह्या, कंगवा एका पिशवीत भरले. मग आठवलं, ती येणार नाहीये. परत काढून ठेवले. दोन्ही वेळा ती बघत होती. तिने काहीतरी विचारायला हवं होतं.

३ मार्च

चिवचिव!

पाय घासून, चुन्यातून चालून, अनवाणी आत गेले. ठिपकी फुगून बसलेली, पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर. तीन नासकी निघाली. दहा पिल्लं! दहा!! माझ्या हातांनी, माझ्या जड पायांनी. एक अंड्यात अडकलं होतं, कवच ओलं करून नखाने सोडवलं. लटपटत उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं.

तिथंच बसून रडले. दहा पिल्लं आणि उद्याची बस. आता ही कुणासाठी वाढवायची? बोंगला शिकवलं — भात कुस्करून द्यायचा, पाणी उथळ ठेवायचं, खुराड्यात जाऊन आलेल्याला आत घ्यायचं नाही. कुणालाच नाही.

"आजीलापण नाही?"

मी दारातला चुना पुन्हा पसरला.

४ मार्च

सकाळी पिशवी घेऊन निघाले तर चुलीत वितळून गोळा झालेलं जांभळं प्लास्टिक. सासूबाईंची खोली रिकामी. भुरभुरीतून फाटकापर्यंत आले — त्या बाहेर उभ्या, अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल, हातात पेंढ्याची न पेटवलेली चूड. "माझ्याच पायाने मेल्या, हे सातही घरांच्या फाटकाबाहेर उभं राहून सांगून आले," म्हणाल्या. "तोआनलाही सांगितलं." मग चूड माझ्यापुढे धरली. "घे, सूनबाई. माझ्या पायांवरून फिरव. मग तू म्हणशील तर आत येते."