तुरीभोवतीचे दगड

६ जानेवारी, सोमवार
रस्ता सुरक्षा सप्ताहाचं काम मुख्याध्यापक सरांनी माझ्याच गळ्यात घातलं. "तुम्ही रोज चौदा किलोमीटर स्कूटी चालवत येता, तुमच्याएवढा अनुभव कुणाला?" स्टाफरूममध्ये सगळे हसले. हसू देत. तासिका तत्त्वावरची असले तरी हे मनापासून करणार. आपल्या शाळेची कितीतरी मुलं एका मोटारसायकलवर चौघं-चौघं बसून येतात.
येताना फाट्यावर हमीदचाचांच्या गॅरेजला थांबले. मागचा ब्रेक नीट लागत नव्हता. गाडी मला शिकवली ती चाचांनीच, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आई-आण्णा नको-नको म्हणत असताना. आजही पाना हातात धरून तेच: "म्याडम, वळणावरचा हॉर्न आपल्यासाठी नसतो, समोरच्यासाठी असतो." म्हटलं, हेच शाळेत येऊन मुलांना सांगा. लाजले. "आमी काय भाषण करणार बेटा, आमाला नटबोल्टाची भाषा येती." पण येतो म्हणाले.

८ जानेवारी, बुधवार
आपली तूर थोडीच. एवढ्याशा मालाला मशीनवाला यायला तयार नाही. आण्णांनी घरासमोरच्या डांबरीवर पेंढ्या पसरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात. खळं आता कुणाकडेच राहिलेलं नाही, सगळा गाव रस्त्यावरच मळतो.
मी म्हटलं, दुचाकी घसरते यावरून.
"मग काय आभाळात मळू?" आण्णा.
आई म्हणाली, "हिला शिकवलं अन् ही रस्त्याची मालकीन झाली." तिघंही हसलो.
दुपारी एका मोटारसायकलवाल्याच्या चेनमध्ये काड्या अडकल्या. शिव्या देत गेला. आण्णांनी त्याला हात जोडले आणि तो गेल्यावर पेंढ्या आणखी थोड्या मधे सरकवल्या.

१० जानेवारी, शुक्रवार
शाळा अर्धा दिवस. दाणे निघाले. ऊन द्यायला अर्ध्या रस्त्यावर पसरले. आता वरून चाक गेलं तर डाळच होईल, म्हणून भोवती दगड. बांधावरचे आणून मीच मांडले, चांगले मोठे. संध्याकाळी आभाळ आलं, तारांबळ. आई पोती धरतेय, आण्णा झाडून गोळा करतायत, मी दगड काढतेय. तेवढ्यात मु. सरांचा फोन: पाहुणे कोण, बॅनर कुठला. मग घोषवाक्यांच्या पाट्या रंगवत बसले. अक्षर चांगलं आलंय.

११ जानेवारी, शनिवार
नीट लिहवत नाही.
सकाळी धुकं. मी चूल पेटवत होते. आवाज आला. आधी वाटलं ट्रॉलीची फळी पडली.
आण्णा पुढे धावले, मी मागे. हमीदचाचा. वळणाच्या अलीकडे. गाडी एकीकडे, ते एकीकडे. हेल्मेट डोक्यावर तसंच. उजवा हात विचित्र वळलेला. दिंद्रुडकडे कुणाची बंद पडलेली जीप बघायला निघाले होते म्हणे.
रस्त्याच्या मधोमध दगड. माझा. मधल्या बाजूचे मी काढलेच नव्हते.
आण्णांनी तो दगड पाहिला. दोन्ही हातांनी उचलला आणि कडेच्या कापसाच्या रानात फेकला. मग राहिलेले दोन. मग चाचांना उचललं, लेकराला घेतात तसं, आणि रस्त्यावर उभं राहून एका टेम्पोला अडवलं. अंबाजोगाईपर्यंत मांडीवर डोकं घेऊन गेले.
आधी दगड, मग चाचा. फार तर दहा-बारा सेकंदांचा फरक. पण मी पाहिलंय.

१२ जानेवारी, रविवार
उजवा पंजा चिरडला, खुब्याचं हाड मोडलं. शुद्धीवर आहेत.
हवालदार येऊन जागा बघून गेले. रस्ता साफ. लिहून नेलं: गाडीवरचा ताबा सुटून.
आण्णांना म्हटलं, दगड माझ्याकडून राहिला होता, आपण सांगू या.
"गप ऱ्हाय."
"आण्णा, पण..."
"कुणाचा व्हता ते म्हाईत हाय मला. म्हणून तर फेकला."


१३ जानेवारी, सोमवार
भोगी. डबा तसाच परत आणला.
स्टाफरूममध्ये विषय तोच. गणिताचे सर म्हणाले, पिऊन असेल. मी म्हटलं, चाचा सुपारीसुद्धा खात नाहीत. "मग नव्या कोऱ्या रस्त्यावर एकटा माणूस पडतो कसा, मॅडम?"
उत्तर मला माहीत होतं. मी पाणी प्याले.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. शेजारच्या कौसाकाकू तिळगूळ घेऊन आल्या. आईशी कुजबुजल्या, मग माझ्याकडे वळल्या. त्यांची तूर अजून रस्त्यावरच आहे.
"ताई, तुला सांगायची लई घाई झालीय म्हणं. कावून गं? तू बोललीस की पोलीस समद्यांच्याच तुरीवर येतील. मग आमी मळायचं कुठं? तुझ्या शाळेच्या म्हैदानात?"
खोटं नाही बोलल्या. रस्ता बंद झाला तर त्यांनी जायचं कुठं, हे मलाही सांगता येत नाही.
म्हटलं, निदान दगड तरी काढत जा संध्याकाळी.
"आमी काढतोच," म्हणाल्या. आमी.

१६ जानेवारी, गुरुवार
आण्णांबरोबर दवाखान्यात. सांगायचंच म्हणून गेले होते. पूर्ण वाट मनात वाक्यं जुळवत.
आण्णा संत्री सोलून एकेक फोड चाचांच्या तोंडात घालत होते. चाचा म्हणाले, "आण्णा, तू नसतास तर मी गेलतो." आण्णा फोडीवरची शीर काढत राहिले. काढून झाली तरी.
मग चाचा माझ्याकडे बघून: "काहीच याद न्हाई बेटा. डोळे गेले माझे, का डुलकी लागली, समजंना. इतकी वर्षं लोकांना सांगितलं, असं चालव, तसं चालव. अन् मीच." मुलगा इरफान औषधं घेऊन आला, त्याला म्हणाले, "गाडी इकून टाक. आता कुणाला शिकवायच्या लायकीचा न्हाई मी."
लोक काय म्हणतात ते त्यांच्या कानावर गेलंय. "आमच्या मोहल्ल्यात बी एकानं इचारलं, हमीदभाई, कधीपासून?" हसायला गेले, खुबा दुखला.
जुळवलेली वाक्यं मनातच राहिली, मी संत्र्याच्या साली गोळा केल्या. लाज वाटते.

१८ जानेवारी, शनिवार
कार्यक्रम झाला. पाट्या छान दिसल्या म्हणे. "सावकाश जा, सुखरूप या." माझंच अक्षर.
चाचांच्या जागी मीच बोलले. हेल्मेट, वळण, हॉर्न, मोबाईल. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली. "मॅडम, रस्त्यावर तूर टाकली तर चूक कुणाची? टाकणाऱ्याची का चालवणाऱ्याची?" मागची मुलं हसली, तिच्या घरची तूर रस्त्यावरच असते. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.
मी म्हटलं, टाकणाऱ्याची. एवढंच. माईक खाली ठेवला. मु. सर घाईने आभार मानायला उठले.

१९ जानेवारी, रविवार
एकटीच गेले. बसने, स्कूटीला हात लावावासा वाटत नाही.
चाचीही होत्या. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तूर आमची, दगड माझे, मी मधले काढले नाहीत, फोनवर बोलत घरात गेले.
चाची कप हातात घेऊन तशाच. चाचा वर पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "दगड कुठं व्हता? डाव्या अंगाला का मधी?"
"मधे. थोडा डावीकडे."
"धुक्यात दिसला नसता."
"नाही."
"म्हंजी मी नीट चालवत होतो."
"हो चाचा. तुम्ही नीटच चालवत होता."
डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. पण मग प्लॅस्टरमधला हात डाव्या हातानं छातीवर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. चाचींनी माझा चहा परत थर्मासमध्ये ओतला. "जा बेटा आता."
निघताना चाचा भिंतीकडे बघतच बोलले: "इरफान तवाच तिथं गेलता. म्हणाला, रस्ता साफ व्हता. मग दगड गेला कुठं?"
मी म्हटलं, माहीत नाही.
खरं सांगायला गेले आणि खोटं बोलून आले.

२० जानेवारी, सोमवार
इरफानचा फोन. आवाज थंड. "अब्बा म्हणतात सोडून दे. मी न्हाई सोडणार. लोक त्यांना दारुडा म्हणतात. तू लेखी दे, ठाण्यात जाऊन देऊ. जे झालं ते सगळं. सगळं, समजलं का?"
म्हटलं, देते.
आईने ऐकलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "लिव्ह. पर बापाचं नाव जपून." मग परत, "न्हाई, तू तुझ्या मनानं लिव्ह." पीठ हाताला तसंच वाळलं.

२१ जानेवारी, मंगळवार
रजा टाकली. सकाळपासून कागद घेऊन बसले. घरात एवढं लिहिणारी मी पहिलीच. आण्णा अंगठ्यावरून सहीपर्यंत आले तेही माझ्याकडून शिकून.
तूर कधी पसरली, दगड कुणी मांडले, कुणी काढायचे होते, का राहिले, हे सरळ उतरलं. धुकं, आवाज, चाचा कुठे पडले होते, तेही. मग पेन थांबलं.
दहाच्या सुमाराला आण्णा शेतातून आले. पायही न धुता उंबऱ्यावर बसले.
"झालं का लिहून?"
"निम्मं."
"वाच."
वाचलं. माझं नाव आलं तिथे त्यांनी मान हलवली, पण अडवलं नाही. "...आवाज ऐकून माझे वडील व मी रस्त्यावर धावत गेलो. रस्त्याच्या मधोमध दगड होता." इथपर्यंत आले आणि थांबले.
आण्णांनी कागदावरच्या पुढच्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं.
"मग म्होरं?"