फ्रीजच्या वसुलीला आलेला पाहुणा

तीर्थरूप सिद्धलिंगमामा,

जळकोटहून भाचा वीरप्पाचा तुम्हाला आणि मामींना शरणू. आमचं इकडं बरं चाललंय. तुमचा गुडघा काय म्हणतो? कोर्टाच्या पायऱ्या आता ज्युनिअरला चढू द्या. (फोनच करणार होतो, पण तुम्ही मधेच कलमं सांगता आणि माझं सांगायचं राहून जातं.)

तो हप्त्यावरचा फ्रीज आठवतो ना? दोन उन्हाळ्यांत बंद पडला, म्हणून रागानं मी हप्तेही बंद केले. (आता त्यात तुमची सून रुद्रम्मा ज्वारीचं पीठ ठेवते.) बारा वर्षांनी वसुलीवाले उठले. तुम्ही सांगितलंत, कायद्यानं वसुलीची मुदत कधीच गेली, पैसा देऊ नको, सही करू नको. मी तर इतकं ऐकलं, की फाटकाशी गाडी थांबली की गोठ्यात म्हशीमागं जाऊन बसायचो. म्हैससुद्धा वैतागली.

पण या वेळचा वसुलीवाला निघाला आपल्याच भागातला, सास्तूरचा. वेळ अमावस्येच्या सणाला घरी कुणी सापडत न्हाय आणि शेतात सगळे सापडतात, हे त्याला पक्कं ठाऊक. आला थेट बांधावर! त्या दिवशी बांधावरच्या माणसाला नाव न विचारता जेवायला बसवायचं, हे तुम्हाला काय सांगावं. मी डोळ्यांनी लई खुणावलं, पण रुद्रम्मानं लांबूनच हाक मारली. त्यानं बॅगेतून कागद काढेपर्यंत हातात भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे, वर ताकाची आंबील. आंबिलीच्या दुसऱ्या तांब्याला गडी कडब्याच्या कोपीच्या सावलीत घोरायला लागला.

शेजारचे जेवायला आले, विचारू लागले हा कोण. वसुलीवाला म्हणून सांगू कसं? म्हणालो, पाहुणा. लग्नाची पोरगी घरात, आणि म्हणे पाहुणा! दुपारपर्यंत अर्धं गाव नवरदेव बघून गेलं. तो जागा झाला तर कुणी पगार विचारतंय, कुणी शेती. बिचाऱ्यानं सगळ्यांना अदबीनं उत्तरं दिली. नाव विरेश, घरी एकटी आई. आमची मोनिका वाढताना हसत होती. रुद्रम्माच्या ते माझ्याआधी ध्यानात आलं.

जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. "काका, खरं सांगू? तुमच्या कर्जाची मुदत संपलीय. कुठं सही करू नका. विचारायचं माझं काम, मी विचारलं."

मामा, अगदी तुमचाच सल्ला, आणि फी न घेता! मला भरून आलं. पुढच्या आठवड्यात त्याची आई मागणी घालायला आली. मोनिकाला आधी विचारलं, मगच होकार दिला. साखरपुड्याला मामींना घेऊन चार दिवस आधी या.

तुमचा भाचा,
वीरप्पा

ता.क. फ्रीजचे पैसे मी भरून टाकले. विरेशराव माझ्यावर चिडले, कशाला भरलं म्हणून. पण उद्या ऑफिसात कुणी त्यांना म्हणालं, की तुझ्या सासऱ्याचीच वसुली झाली न्हाय, तर पोरीनं तोंड कुठं लपवायचं?

आणखी एक ता.क. ते पैसे म्हणजे विहिरीच्या मोटारीसाठी तुमच्याकडून घेतलेली उसनवारी फेडायला बाजूला काढलेले होते. मामा-भाच्यातल्या उसनवारीची मुदत संपते का, तेवढं कळवा. संपत नसली तर वसुलीला विरेशरावांनाच पाठवत जा. दर महिन्याला पाठवा. पोरगी संगं येईल.