मिठाचं मडकं जयाच्या ताब्यात

मी तुळसा कोम पंढरी भोईर, उमर अदमासे पन्नास, राहणार मौजे कोलशेत, तालुके साष्टी, जिल्हे ठाणे, शुद्धीवर असून, कोणाच्या धाकात नसून, हे मृत्युपत्र सांगून लिहविते. अक्षरं जोडून मी वाचते, तेव्हा लेखनिक धोंडीबाने पदरचं गोड काही घालू नये.

माझ्या बापाने मला दिलेलं राहतं घर मुलगा नाथा यास. परंतु चूल आणि मिठाचं मडकं सून जया हिच्या ताब्यात. नाथाने मडक्यात हात घालू नये.

कारण सांगते. आम्ही मिठागरावरची माणसं. उन्हात घाम गाळायचा म्हणून पेजेत मूठभर मीठ. पावसाळ्यात मिठागर बंद, माणूस ओटीवर बसलेला, तरी मूठ तीच! वर खारी सुकट. माझ्या नवऱ्याचे पाय सुजले, दम लागला. ठाण्याचे वैद्य म्हणाले, मीठ कमी करा. हा म्हणतो, "घरचं मीठ आपल्याला काय करणार?" त्यातच गेला. आता मला तोच दम, आणि नाथाच्या पायावर बोट दाबलं की खळगा राहतो. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

मीठ सोडा म्हणत नाही. जयाने शिजवताना बेताचं घालावं, पानात वरून वाढू नये, सुकट धुऊन घ्यावी. चव हवी तर चिंच आहे. यावरून नाथाने पुन्हा ताट भिरकावलं, तर घरही जयाचं. एकदा भिरकावलं आहे, म्हणून लिहविते.

दीर दामाजी ओटीवर बसून म्हणतो, "वैनी, मिठागरवाल्याच्या घरात अळणी? लोक हसतील गं." हसू देत. त्यास माझं काही देऊ नये. लाकडी फावडं त्याचंच आहे, तेवढं परत करावं.

माझ्या तेराव्याचं जेवण याच बेताच्या मिठाचं करावं. घरचा माणूस मागून जेवतो, तो रिवाज त्या दिवशी मोडावा. नाथाने पहिल्या पंगतीस बसून, गावादेखत, मुकाट जेवावं.

मुक्काम कोलशेत, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८११.

तुळसा. नाव मीच लिहिलं.

साक्ष : हौसाबाई, शेजारीण. निशाणी बांगडी.
साक्ष : दामाजी भोईर. निशाणी नांगर. फावडं पोचलं.

नाथा पंढरी भोईर, निशाणी नांगर. वाचून दाखवलं. आये, तेराव्यापर्यंत कशाला थांबतेस? आज रात्रीच जयाला तसं वाढायला सांग.