मोठ्या हॉलचं लाकूड

प्रिय दादा,

आपल्या बोटीबद्दलच्या तुझ्या पुस्तकाची छापायला जाणारी प्रत मिळाली. लाकूडकामाची नावं तेवढी तपासून दे, असं चिठ्ठीत लिहिलंयस. नावं बरोबर आहेत. बाकीचं वाचून माझं डोकं फिरलं.

ती प्रवासी बोट होती तेव्हाची प्रकरणं छान जमलीत, उगाच नावं ठेवणार नाही. तू गोदीतला साहेब, मी सुतार आणि आपला मधला पहिल्या वर्गाच्या हॉलमध्ये वाढपी. तिघा भावांचं पोट त्या एका बोटीवर. प्रवाशांच्या नकला करून मधला आपल्याला हसवून बेजार करायचा. त्याला तू मृतांच्या यादीत एक ओळ दिलीयस. मेहेरबानी.

मग युद्ध आलं आणि नौदलाने बोट ताब्यात घेतली. तू लिहितोस, सहा आठवड्यांत तिची युद्धनौका झाली, डेकवर आठ तोफा बसल्या आणि आगीच्या भीतीने आतलं सगळं लाकूड काढून टाकलं. सगळं? दादा, कुणाला शेंडी लावतोस? केबिनी मीच उचकटल्या. स्वतःच्या हातचं काम फोडताना जीव तुटत होता, तरी फोडलं. पण मोठ्या हॉलला हात लावू नकोस म्हणून तूच सांगायला आलास, कारण बोटीवरच्या अधिकाऱ्यांना तिथे थाटात जेवायचं होतं. भिंतभर अक्रोडाच्या फळ्या, वर्षानुवर्षं पॉलिश पाजलेल्या. नौदलाने वाढपीही बोटीबरोबरच घेतले, म्हणून मधला तिथेच राहिला. पहिला गोळा त्या हॉलवरच पडला आणि फळ्यांनी पेट घेतला. वाचलेले खलाशी सांगतात, दारापर्यंत पोचायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. आणि तू लिहितोस, शत्रूच्या माऱ्यापुढे इलाज नव्हता. इलाज होता. पहार माझ्या हातात होती.

बारा वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसलो. नौदलाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्या फळ्यांना राखाडी रंग मीच दिला होता, लोखंडी वाटाव्यात म्हणून. तू सांगितलंस आणि नोकरी जाईल या भीतीने मी ब्रश उचलला. तुझा जितका राग येतो तितकाच स्वतःचाही येतो.

आज मधल्या वहिनीला तुझं ते पान वाचून दाखवलं आणि रंगाचंही सांगितलं. ती उठली आणि पेटी भरायला लागली. परवा ती तुझ्या दारात असेल, म्हणून हे पत्र घाईने टाकतोय. तिला आधी घरात घे, आणि काय घडलं ते तुझ्या तोंडाने सांग. माझं तिने ऐकून घेतलंय.

रागावलेला, तरी तुझाच,
धाकटा